तिखट : खाणाऱ्याचे आणि कांडणाऱ्याचे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मिरचीवर बोलावयाचे म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय सोडून हा कामगार चळवळीतला माणूस तिखटामिठाच्या गोष्टी काय सांगणार, असेही मनात आले असेल. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ज्या व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तिचा ऋतू आणि आपल्या घरच्या मसाल्याचा ऋतू एकच आहे. ज्या चैत्र-वैशाखात श्रोते व्याख्यानाला येतात, त्याच चैत्र-वैशाखात त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या असतात. तेव्हा आज आपण आपल्याच गच्चीचा आणि आपल्याच कोपऱ्यावरच्या गिरणीचा विचार करू.

मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयाच्या बाकावर, आणि विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून त्यांना कंटाळा आणण्यात. म्हणून माझे बोलणे पंडिताचे असणार नाही. मिरचीतले तिखट प्रकृतीला चांगले की वाईट, असा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. ते किती, शरीराच्या कोणत्या भागाला, आणि कोणाच्या मर्जीने, हे तीन प्रश्न त्याला जोडल्याखेरीज उत्तर मिळत नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम मिरचीची ओळख करून घेऊ. आपल्या ठेच्याशिवाय भाकरी खाली न उतरणाऱ्या महाराष्ट्राला ऐकून नवल वाटेल, पण मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणा होता तो मिऱ्याचा, आल्याचा, पिंपळीचा. पाहुणी आली आणि तिने मिऱ्याचेच नाव घेऊन घर बळकावले.

या पाहुणीच्या अंगात जे दाहक द्रव्य आहे त्याला कॅप्सेसिन म्हणतात. बुखोल्झ नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १८१६ साली ते मिरचीतून अशुद्ध स्वरूपात वेगळे काढले, इंग्लंडच्या थ्रेश यांनी १८७६ साली त्याला हे नाव दिले, आणि त्याची रासायनिक रचना नेल्सन यांनी १९१९ साली पुढे मांडली. तिखट बियांत असते, असा आपल्या स्वयंपाकघरांतला समज आहे. तो बरोबर नाही. तिखटाचे घर म्हणजे मिरचीच्या पोटातल्या, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरा. बियांना लागते ते शेजारधर्माचे तिखट.

या द्रव्याचा दुसरा गुण असा की ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणूनच तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी प्यायले तरी जिभेची आग तशीच राहते, आणि घोटभर दूध किंवा ताक घेतले की उतरते. दुधातली प्रथिने त्या द्रव्याला आपल्याबरोबर ओढून नेतात. मिरच्या चिरल्यावर हात जळत असतील तर आधी तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे, हे आमच्या आया करीत असत ते शास्त्राला धरूनच होते.

तिखटपणा मोजण्याची पहिली रीत अमेरिकेतल्या विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली बसवली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळून तो इतका पातळ करीत जावयाचा की चाखणाऱ्यांना तिखट कळेनासे व्हावे. किती पटीने पातळ करावे लागले, तो त्या मिरचीचा आकडा. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा या मापात सुमारे १ कोटी ६० लाख मानतात. रंगासाठी प्रसिद्ध असलेली ब्याडगी या शिडीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर आहे. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाचा आकडा १० लाखांच्या वर जातो. तेव्हा ‘मिरची’ हा एकच शब्द आपण वापरतो खरा, पण घास आणि घास यांत केवढे अंतर!

आता तिखट लागते म्हणजे नेमके काय होते? तिखट ही चव नाही, ती वेदना आहे. आपल्या जिभेवर, त्वचेत, डोळ्यांत, घशात ज्या मज्जातंतूंची टोके आहेत, त्यांवर एक प्रकारचे दरवाजे असतात. सुमारे ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की हे दरवाजे उघडतात आणि मेंदूला वर्दी जाते : ‘पोळते आहे, हात मागे घे.’ कॅप्सेसिनचा कण नेमका याच दरवाजाला बसतो आणि आग नसताना तो उघडतो. सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हा दरवाजा शोधून काढला, आणि या कामाबद्दल त्यांना २०२१ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पक्ष्यांच्या अंगातला हाच दरवाजा मिरचीला दाद देत नाही. म्हणून पोपट लवंगी मिरची मिटक्या मारीत खातो.

आम्हां गिरणगावातल्या मंडळींना हे समजावून सांगावयाचे तर भोंग्याचे उदाहरण पुरे. आग लागली की भोंगा वाजावा, ही व्यवस्था चांगली. मिरची ही आग न लावता भोंगा वाजवणारी व्रात्य पोर आहे. खाणाऱ्याला त्यात गंमत वाटते. डोळ्यांत पाणी येते, कपाळावर घाम फुटतो, आणि तरी तो दुसरा घास घेतो. कारण भोंगा खोटा आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि ताट बाजूला सारणे त्याच्या हातात आहे.

आता या खोट्या भोंग्याने प्रकृतीला काय होते ते पाहू. ‘तिखट खाऊन पोटात अल्सर झाला’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. चाळीतल्या किती जणांना या एका वाक्यापायी जन्मभर दूधभात खावा लागला असेल! प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की बहुतेक अल्सर एका जंतूमुळे होतात. मार्शल यांनी तर त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन पाहिले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखीसाठी ऊठसूट घेतलेल्या गोळ्या. सिंगापूरच्या डॉक्टरांनी १९९५ साली निरोगी माणसांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात, ॲस्पिरिनपूर्वी मिरची घेतली असता जठराला इजा कमी झाल्याचे दिसले. याचा अर्थ आजपासून ॲस्पिरिनबरोबर ठेचा खावा असा कोणी घेऊ नये. ज्याला आंबट ढेकर येतात, छातीत जळजळते, ज्याला मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर आहे, त्याला तिखट त्रास देते हे खरेच आहे. पण मिरची अल्सर निर्माण करते, हा आरोप तिच्यावर सिद्ध झालेला नाही.

दुसऱ्या बाजूने मिरचीची स्तुतीही बेताने ऐकावी. चीनमध्ये सुमारे ५ लाख माणसांची अनेक वर्षे पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. जे जवळजवळ रोज तिखट खात, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळले. २०१९ साली इटलीतल्या २२ हजारांवर माणसांच्या पाहणीतही असाच कल दिसला. उलट मेक्सिकोतल्या १९९४ सालच्या एका पाहणीत मिरची खाणाऱ्यांत जठराचा कर्करोग अधिक आढळला. या सर्व पाहण्या आहेत. तिखट खाणारा माणूस आणखी काय खातो, काय काम करतो, किती चालतो, हे सारे त्यात मिसळलेले असते. ‘मिरची खा आणि शंभर वर्षे जगा’ असे सांगणारा आणि ‘मिरची खाल तर मराल’ असे सांगणारा, दोघांनाही थोडे थांबवावे हे बरे.

मिरचीचा निर्विवाद उपयोग झाला आहे तो वेदना शमवण्यासाठी. भोंगा फार वेळ वाजत राहिला की तो थकतो आणि मुका होतो. नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी भयंकर आग आपल्यापैकी काहींनी सोसली असेल. तिच्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी वापरण्यास युरोप-अमेरिकेत २००९ साली परवानगी मिळाली. ही पट्टी कशी लावतात ते मुद्दाम ऐका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावतात. लावणाऱ्याने नायट्राइलचे हातमोजे घालावयाचे, कारण साध्या रबराच्या मोज्यातून द्रव्य आरपार जाते. तोंडाला मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा लावणे बरे, असेही सांगितलेले असते. पट्टी एक तास ठेवावयाची, पायाला असेल तर अर्धा तास. मग काढून बंद पिशवीत टाकावयाची, आणि पुन्हा लावावयाची ती तीन महिन्यांनी. एका तासाच्या मात्रेसाठी एवढी काळजी!

आणि आता, मंडळी, आपण दवाखान्यातून निघून आपल्या कोपऱ्यावरच्या गिरणीकडे जाऊ.

मुलुंड-भांडुपपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत एप्रिल-मे महिन्यांत मिरची कांडण्याच्या गिरण्यांसमोर रांगा लागतात. रांगेतला माणूस नाकाला रुमाल लावून लांब उभा राहतो, ठसका लागला की रस्त्यावर जाऊन येतो. आत डंखाची मुसळे आपटत असतात, लाल खकाणा उडत असतो, आणि त्यात एक बाई वाकून उखळातले तिखट उघड्या हाताने खालीवर करीत असते. तिला रस्त्यावर जाऊन येता येत नाही. पूर्वी मरोळ, कुर्ला, गोराई, मनोरी येथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून पावसाळ्यापूर्वी बाटली-मसाला कुटावयास मोलकरणी येत. लांब मुसळे घेऊन घरोघर फिरणाऱ्या त्या बायांचे काम आता बहुतेक यंत्राकडे गेले आहे. मुसळ उचलण्याचे कष्ट यंत्राने घेतले, पण खकाण्यात उभे राहण्याचे काम यंत्राने घेतलेले नाही.

ही साखळी लांबची आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर उन्हात बसून बाया मिरचीचे देठ खुडतात. तेथून आणि कर्नाटक-आंध्रातून आलेली पोती वाशीच्या मसाला बाजारात माथाडी पाठीवर घेतो. मग ती उपनगरातल्या गाळ्यांत दळली जातात, चाळली जातात, पुड्यांत भरली जातात. आपल्या ताटात चिमूटभर तिखट येते, त्यामागे किती डोळ्यांतून पाणी गेले याचा हिशेब पुडीवर छापलेला नसतो.

हे दुखणे नवे किंवा अज्ञात नाही. शेजारच्या श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, डॉक्टर उरागोडा यांनी मिरची दळणाऱ्या कामगारांच्या तक्रारींचा अभ्यास करून तो १९६७ साली ब्रिटनच्या औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९९१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तिखट मिरची हाताळणाऱ्या कामगारांच्या खोकल्यावर लिहिले. इतकेच काय, माणसाला खोकला किती लवकर येतो हे मोजावयाचे असेल तर डॉक्टर १९८० च्या दशकापासून कॅप्सेसिनचाच अतिसौम्य फवारा वापरतात. म्हणजे प्रयोगशाळेत खोकला आणण्याचे जे खात्रीचे साधन मानले जाते, त्याच्या ढगात आमची बाई हंगामभर उभी असते.

आणि तोच ढग सभ्य माणसांवर आला म्हणजे काय होते तेही देशाने पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत एका सदस्याने मिरचीचा फवारा उडवला. सभागृह रिकामे करावे लागले, काही खासदारांना रुग्णालयात नेले, आणि वर्तमानपत्रांनी लोकशाहीच्या इतिहासातला काळा दिवस म्हणून त्याची नोंद केली. ते योग्यच झाले. जमावाला पांगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा दाहक द्रव्यांना युद्धात शस्त्र म्हणून वापरण्यास १९९३ च्या रासायनिक शस्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. सैनिकासाठी करार आहे, खासदारासाठी रुग्णवाहिका आहे. गिरणीतल्या बाईसाठी काय आहे? तिच्यासाठी एक वाक्य आहे : ‘त्यांना सवय असते.’

हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. एका उपनगरातल्या मसाल्याच्या गाळ्यात मुखपट्ट्या आणि पंखा मागावयास आम्ही गेलो, तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, ‘अहो, तुम्हांला ठसका लागतोय, त्यांना कोठे लागतोय?’ आणि खरोखरच त्या बाया खोकत नव्हत्या. त्यांच्यातलीच एक मावशी मला म्हणाली, ‘दादा, पहिले चार दिवस रडवतं, मग काही कळत नाही.’ मालकाला तो युक्तिवाद मिळाला आणि आमची मागणी त्या दिवशी तेथेच अडली.

म्हणून ‘काही कळत नाही’ या तीन शब्दांचा अर्थ मी पुढे पुस्तकांत शोधला. हंगेरीतल्या यांचो नावाच्या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात दाखवले होते की कॅप्सेसिनचा मारा वारंवार केला की प्राण्यांची ही दाहाची जाणीवच बोथट होते. ज्या गुणामुळे ती पट्टी नागिणीच्या रोग्याला आराम देते, तोच हा गुण. भोंगा मुका झाला. पण भोंगा मुका झाला म्हणजे धूर थांबला असे होत नाही. तिखटाच्या खकाण्यात केवळ कॅप्सेसिन नसते. सालीची आणि बियांची बारीक धूळ असते, ओल लागलेल्या मिरचीवरची बुरशी असते. नाक, घसा आणि डोळे यांचे काम पहाऱ्याचे. शिंक, ठसका, अश्रू हे त्या पहारेकऱ्याचे दंडुके. पहारेकरी गुंगला तर घरात कोण शिरले हे कळत नाही, एवढाच त्या ‘सवयी’चा अर्थ. कामगार तक्रार करीत नाही हा काम निर्धोक असल्याचा पुरावा नव्हे. पुष्कळदा तो धोक्याचाच पुरावा असतो. ही गोष्ट केवळ मिरचीला लागू नाही, हे माझ्या कामगार बंधूंनी ध्यानात घ्यावे.

मग कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमात स्वच्छ लिहिलेले होते की धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितकी जवळ ती शोषून घेण्याची व्यवस्था हवी. परंतु त्या कायद्याने विजेवर चालणारा कारखाना मानला तो मुळात दहा कामगारांपासून पुढे. २०२० साली संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेत हा आकडा वीस आहे. तीन-चार माणसांची मिरचीची गिरणी दोन्ही हिशेबांत बाहेर राहते. मुलुंडला आणि कांदिवलीला कामगार विम्याची रुग्णालये आहेत, पण दहांच्या आतल्या कामाच्या जागी विमा सहसा पोचत नाही. मात्र २०२० च्याच सामाजिक सुरक्षा संहितेत एक खिडकी आहे : सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एक कामगार असला तरी त्याला विमा लागू करता येतो. मिरची कांडण्याचे काम त्या यादीत आले पाहिजे, ही आमची मागणी आहे.

विखुरलेल्या, मालक ठरावीक नसलेल्या कामगारांसाठी कायदा कसा चालणार, असे कोणी विचारील. त्याला उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमालांनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पोते उचलणाऱ्याला आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर काम, तरी मंडळाकडे त्याची नोंद होऊ लागली, मजुरी मंडळातून मिळू लागली. मिरचीचे पोते वाहणाऱ्याला जे मिळू शकले, ते तेच पोते कांडणाऱ्या बाईला का मिळू नये?

परंतु सगळेच कायद्यावर टाकून आपल्याला घरी जाता येणार नाही, कारण या कामात गिऱ्हाईक म्हणजे आपणच आहोत. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला खलनायक ठरवणेही मला मान्य नाही. तोही बहुधा त्याच खकाण्यात उभा असतो. त्याला पाच गोष्टी करता येतील, आणि त्या फार खर्चाच्या नाहीत. डंखाच्या तोंडाशी झाकण आणि धूळ ओढून बाहेर पिशवीत सोडणारा पंखा. बारीक धूळ अडवणारी मुखपट्टी, कारण तोंडाला बांधलेल्या पदरातून ती आत जाते. डोळ्यांना बंद चष्मा आणि हातांना योग्य मोजे. दर तासा-दोन तासांनी माणसांची अदलाबदल. आणि काम संपल्यावर हातांना लावावयास तेल, साबण आणि भरपूर पाणी. यासाठी किलोमागे दोन रुपये अधिक मागितले तर आपण घासाघीस करू नये. वर्षाच्या मसाल्याचा हिशेब केला तर ती रक्कम चहाच्या चार कपांइतकीही होत नाही.

मिरचीवर माझा राग नाही. भाकरी, ठेचा आणि कांदा यांवर वाढलेला मी माणूस आहे, आणि डॉक्टरांनी मना केले नाही तोवर तो सोडण्याचा विचार नाही. शास्त्रही सांगते की निरोगी माणसाने बेताने खाल्लेल्या तिखटाला भिण्याचे कारण नाही. पण रोग्याला मात्रा मोजून मिळते, खाणाऱ्याला मर्जीप्रमाणे मिळते, आणि कांडणाऱ्याला मात्र माप न करता, न विचारता मिळते, हा भेद मिरचीने केलेला नाही. तो आपण केला आहे, आणि म्हणून तो आपल्यालाच दूर करता येण्यासारखा आहे.

या आठवड्यात आपल्यापैकी पुष्कळ जण मिरच्यांच्या पिशव्या घेऊन गिरणीवर जातील. दर विचारण्याआधी एकदा आत पाहा, पंखा कोठे आहे ते विचारा, आणि त्या बाईच्या हातांत मोजे आहेत का ते पाहा. दहा गिऱ्हाइकांनी एकाच दिवशी तोच प्रश्न विचारला, तर अकराव्या दिवशी पंखा बसतो, असा माझा युनियनमधला अनुभव आहे.